विहिरीवरचा महाल आणि पार्किंगखालची विहीर

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राच्या फार्महाऊसची वास्तुशांत होती. चाकण ओलांडून राजगुरुनगरच्या दिशेने, हायवे सोडून आत चार-पाच किलोमीटर. चाकणच्या तळेगाव चौकाने नेहमीप्रमाणे पाऊण तास खाल्ला, त्यामुळे पोचलो तेव्हा पूजा आटपून पंगत बसायच्या बेतात होती. पण सांगायचं आहे ते जेवणाबद्दल नाही. विहिरीबद्दल आहे.

आत शिरल्या शिरल्या हिरवंगार लॉन आणि लॉनच्या मधोमध एक विहीर. चार खांब, वर मंगलोरी कौलांचं छोटंसं छप्पर, एक रहाट, दोराला बांधलेली पितळी घागर आणि भोवती गुडघाभर उंचीचा कठडा. कठड्याच्या चारही बाजूंना जुन्या सागवानी कोरीव पट्ट्या ठोकलेल्या. केळफुलं, वेलबुट्टी, दोन मोर, आणि पायऱ्यांच्या बाजूला चक्क एक गणेशपट्टी. म्हणजे दाराच्या वर, डोक्याच्याही वर असायची ती. इथे ती गुडघ्याशी होती आणि तिच्यासमोर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. मित्र कौतुकाने सांगत होता, "ओरिजिनल आहे हां, कुठल्यातरी वाड्यातलं. आर्किटेक्टने मिळवून दिलं. काय हेरिटेज लूक आलाय बघ!"

लूक आला होता, खोटं कशाला बोला. मी वाकून आत बघितलं. तीन फुटांवर काँक्रीटचा तळ, त्यावर पांढरे गोटे आणि एक एलईडी दिवा.

जेवण झाल्यावर सुपारी कातरत बसलेल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. जमीन ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याच भावकीतले, आता तिथेच राखणीला असतात. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विहिरीकडे बोट केलं. ते हसले. म्हणाले, "ही कसली हीर? हीर तिकडं व्हती. तुमची गाडी लावलीय न्हवं, तिच्या खाली. माझ्या आज्यानं खांदलेली. मुरूम टाकून बुजवली पावसाळ्याआधी."

"का हो, आटली होती का?"

"आटतीय कशाला! पार्किंगच्या मधी येत व्हती."

आम्ही निघालो तेव्हा गेटातून पाण्याचा टँकर आत येत होता. लॉनसाठी.

परत येताना गाडीत मी गप्पच होतो. बायको म्हणाली, पंगतीत जास्त झालं का? तसं नव्हतं. एक खरी विहीर बुजवून, शंभरेक पावलांवर एक खोटी विहीर बांधून, तिला कुणाच्यातरी देवघराची नाहीतर दिवाणखान्याची लाकडं लावायची, हे डोक्यातून जात नव्हतं. महिनाभर विचार केला. आज शनिवार आहे, पाऊस पडतोय, तर लिहून काढतो.

*

शेतीवाडीतल्या विहिरीवर नक्षीदार घर बांधायची कल्पना काही आर्किटेक्ट लोकांनी काढलेली नाही. आपल्याकडे तिचा अस्सल नमुना आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, साताऱ्याच्या अलीकडे सुमारे पंधरा किलोमीटरवर लिंब फाटा लागतो. आत लिंब गावाजवळ बारा मोटांची विहीर आहे. अनेकांनी बघितली असेल, फोटो तर नक्कीच.

ही विहीर विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. तिथल्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू होते. याच पाच वर्षांत बाळाजी विश्वनाथ वारले आणि १७२० मध्ये बाजीरावांना पेशवेपद मिळालं. पुस्तकांत या काळाचं वर्णन म्हणजे दिल्लीच्या सनदा, चौथाई आणि मोहिमा. त्या सगळ्या धामधुमीत लिंबला एक बाई शांतपणे दगडाचं काम करून घेत होत्या. कशासाठी? तर आमराईसाठी. सुमारे ३३०० आंब्यांच्या झाडांना पाणी द्यायचं होतं.

विहीर साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. मुख्य विहीर अष्टकोनी आणि तिला जोडून पायऱ्यांची लांबट वाट, त्यामुळे वरून बघितलं तर आकार शिवलिंगासारखा दिसतो. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेलं की वरच्या अंगाला, म्हणजे पायऱ्या आणि पाणी यांच्या मधोमध, एक छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवर देवदेवता, हत्ती, घोडेस्वार, फुलं कोरलेली आहेत. भिंतींवर शरभ आहेत, त्यातल्या एकाने पंजात हत्ती धरलेत. बाहेर भर उन्हाळा असला तरी आत गारवा असतो. मोटा लावायला जागा पंधरा, पण एका वेळी बारा चालायच्या म्हणून नाव बारा मोटांची.

आता आमच्यासारख्या लोकांना आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. ३३०० भागिले १२, म्हणजे मोटेमागे २७५ झाडं. एकेका मोटेला बैलांची जोडी, चामड्याची मोट, नाडा आणि सोंदूर, धावेवर वरखाली करणारा गडी, थारोळ्यात पडणारं पाणी आणि तिथून पाटाने झाडांपर्यंत. हे सगळं बाराने गुणायचं. त्या महालात बसणाऱ्याला पायाखालच्या पाण्याचा आणि डोक्यावरच्या मोटांचा आवाज एकदमच ऐकू येत असणार. शरभ आणि कमळं त्या चालू यंत्राच्या अंगावर कोरलेली होती. बाजूच्या लॉनवर नव्हती :)

मला वाटतं फरक इथेच आहे. विरूबाईंना विहीर हवी होती, आणि हवी तर ती देखणी का नसावी असं त्यांना वाटलं असणार. माझ्या मित्राला विहीर नकोच होती, फक्त तिचा देखणेपणा हवा होता.

*

आता कोणी म्हणेल, जुन्या कोरीव पट्ट्या दुसरीकडे लावल्या यात एवढं काय? भंगारात जाऊन जळण्यापेक्षा बरंच ना? बरोबर आहे. पुनर्वापर हा गुन्हा नाही. जगात सगळीकडे झालाय, आणि पाण्याच्या कामांत तर सर्रास.

इस्तंबूलमध्ये येरेबातान नावाचं जमिनीखालचं जलागार आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३२ च्या सुमारास बांधलेलं. त्याचं छत ३३६ खांबांवर उभं आहे आणि त्यातले बरेच खांब जुन्या इमारतींमधून आणलेले आहेत. एका कोपऱ्यात दोन खांबांखाली बैठक म्हणून मेदूसाची कोरीव दगडी मुंडकी आहेत, एक उलटं आणि एक आडवं. त्याबद्दल कथा कितीतरी आहेत, पण साधं उत्तर म्हणजे उंचीला ती तशी बसली म्हणून तशी लावली. पाण्याखाली कोण बघतंय? रोममध्ये कॉन्स्टंटाईनची कमान आहे, ३१५ मधली. तिच्यावर त्राजान, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांवरची शिल्पं काढून बसवलेली आहेत. अशा पुन्हा वापरलेल्या तुकड्यांना अभ्यासक स्पोलिया म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लूट. नावातच सगळं आलं.

आपल्याकडे गावोगावी देवळाच्या ओट्यात, पाराच्या कट्ट्यात, विहिरीच्या भिंतीत वीरगळ नाहीतर एखादी झिजलेली मूर्ती बसवलेली दिसते. खुद्द चाकणला चक्रेश्वराच्या देवळात गेलात तर आवारात जुनी भंगलेली शिल्पं ठेवलेली दिसतील. लोकांनी ती टाकून दिली नाहीत. शेंदूर लावला, कोनाड्यात ठेवली, कुठे दगड म्हणून वापरली. पण बहुतेक वेळा ती त्याच गावात राहिली. नातवाला आजोबा सांगू शकत होते की हा दगड अमक्या जुन्या देवळाचा.

आणि नेटकेपणाने केलेलं स्थलांतरही आपल्याकडे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानीचा म्हणून ओळखला जाणारा महाल आहे. तो मूळ कोथरूडचा. दिनकर केळकरांनी त्याचे अवशेष मिळवले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या या माणसाने लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये सगळाच्या सगळा सरकारला देऊन टाकला. त्या महालाचे खांब कोथरूडात नाहीत याची हळहळ वाटते, पण ते कोथरूडचे आहेत हे आज आपल्याला माहीत आहे, कारण केळकरांनी ते माहीत ठेवलं.

आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर, दुसऱ्याचा कोड वापरायला कोणाचीच हरकत नसते. सगळं जगच त्यावर चाललंय. पण कुठून आणला, कोणी लिहिला, काय बदललं हे काढून टाकून फक्त कोड चिकटवला की पुढच्या माणसाची वाट लागते. मित्राच्या विहिरीवरच्या पट्ट्या कुठल्या, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला "कुठल्यातरी वाड्यातल्या". आर्किटेक्टला फोन लावायला लावला. तो म्हणाला "डीलरकडून". डीलर काय सांगणार? त्याच्याकडे एका वाड्याचे खांब, दुसऱ्याच्या तुळया आणि तिसऱ्याची गणेशपट्टी एकाच शेडमध्ये उभी. अडीचशे-तीनशे वर्षं एका घराचं नाव घेऊन जगलेलं लाकूड तिथे "अँटिक, सागवान, चांगल्या कंडिशनमध्ये" होतं.

*

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण पुढचं लिहायला जरा जड जातंय.

आमचाही वाडा होता. सासवडला. फार मोठा नाही, दोन चौकी. ओसरी, माजघर, कडीपाट, सुरूचे खांब. मी शाळेत असताना पाडला. हिस्सेदार अकरा, त्यातले चार पुण्यात, दोन मुंबईत, एक अमेरिकेत. पुढच्या भागात भाडेकरू होते, आणि १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी इतकी कमी की वर्षाच्या भाड्यात एका पावसाळ्याची कौलंसुद्धा शाकारून होत नव्हती. मागची भिंत दोन वर्षं टेकू देऊन उभी होती. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. लाकूड घेऊन जायला एक माणूस आला, त्याने खांब मोजले, ठोकून बघितले आणि घनफुटाने भाव केला. कोरीव असो की साधं, भाव तोच. दारावरची गणेशपट्टी निघाली तेव्हा आजी म्हणाली, ती तेवढी ठेवा रे. काका म्हणाले, "आई, फ्लॅटमध्ये कुठे लावणार आपण?" आणि ट्रकमध्ये गेली.

तेव्हा त्या पट्टीचा एक फोटोसुद्धा आम्ही काढला नाही. घरात कॅमेरा होता. माझ्या मुंजीचे छत्तीस फोटो आहेत.

त्यामुळे फार्महाऊसवाल्यांना शिव्या घालून मोकळं व्हायचा अधिकार मला नाही. वाडे पडतात ते कोणाला कोरीव पट्टी हवी म्हणून नाही. ते पडतात हिस्सेवाटणीमुळे, गोठलेल्या भाड्यांमुळे, वाळवीमुळे आणि वर मिळणाऱ्या एफएसआयमुळे. पट्टी विकत घेणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो. पण शेवटी येतो म्हणून त्याची जबाबदारी शून्य होत नाही. ती वस्तू कुठली हे विचारू शकणारा तो शेवटचा माणूस असतो. त्याने विचारलं नाही तर पुढे विचारायला काही उरत नाही.

*

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, कारागिरीची वस्तू त्यात येतेच, पण इमारतीतून सुटी केलेली वस्तूही येते. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला मनाई आहे. म्हणजे डीलरला "परवाना आहे का आणि बिलावर मूळ जागा लिहून देता का" एवढं विचारणं हा काही उद्धटपणा नाही.

दुसरा कायदा त्याहून जुना, १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत गाडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमच्या पट्ट्यात हा कायदा फार कामाचा आहे. चाकण म्हणजे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेपुढे दीड महिन्याहून जास्त लढवलेला संग्रामदुर्ग. या जमिनीत माणसं शतकानुशतकं राहत आलीत. आज त्याच जमिनीत गोदामं, व्हेंडरचे प्लँट आणि प्लॉटिंगच्या स्कीमसाठी रोज जेसीबी चालतात. बकेटमध्ये एखादा कोरीव दगड आला तर त्याच्या नशिबी तीनच वाटा: परत भरावात, गावातल्या कोणाच्या तरी शहाणपणामुळे देवळात, नाहीतर कोणाच्या लॉनवर. "कलेक्टर ऑफिसला कळवूया" असं साईटवर एकाने म्हटलं तर चौथी वाट निघते.

*

आता मुख्य मुद्दा. बुजवलेली विहीर.

पट्ट्यांपेक्षा मला ती जास्त लागली. लाकूड निदान कुठेतरी आहे. विहीर गेली ती गेलीच. आणि आपण तिला वारसा समजतच नाही, कारण तिच्यावर शरभ नाहीत. साधी दगडी विहीर, चार कोनाडे, एक पायऱ्यांची अरुंद वाट, बास. २०१८ मध्ये शंभराच्या नोटेवर पाटणची राणी की वाव आली तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाने ती नोट उलटी-पालटी करून बघितली. महाराष्ट्रातही हौशी मंडळी बारवा शोधून, साफ करून, नकाशावर मांडतायत. पण शेताच्या कोपऱ्यातली निनावी विहीर प्लॉटिंगच्या लेआऊटमध्ये सापडली की ती अजूनही अडचण असते.

अडचणी खऱ्या आहेत, नाही म्हणत नाही. उघडी विहीर म्हणजे पोरांना धोका. डास. कचरा. शिवाय जागेचे भाव. पण हिशोब करून बघा. वीस फूट व्यासाच्या विहिरीला जागा लागते ३१४ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे भोवती कठडा धरूनही विहीर अर्ध्या गुंठ्यात बसते. मित्राची जागा अकरा गुंठे. वर लोखंडी जाळी आणि कठडा घातला की धोका आटोक्यात. मित्राने खोट्या विहिरीचं छप्पर, रहाट आणि पट्ट्या यांवर जो खर्च केला, त्यात हे सगळं होऊन गाळही निघाला असता.

आणि फायदा? छपरावरचं पावसाचं पाणी गाळून त्या विहिरीत सोडता आलं असतं. गाळण्यासाठी खडी, वाळूचा साधा खड्डा पुरतो. एवढंच बघायचं की पार्किंगचं तेलकट पाणी किंवा सेप्टिक टँकचं पाणी त्यात जाणार नाही, कारण विहीर घाण झाली की शेजारच्या बोअरही घाण होतात. विहीर ही जमिनीखालच्या पाण्याकडे बघायची खिडकीही असते. पाणी किती खाली गेलं ते वाकून बघता येतं. बोअरमध्ये काय दिसतं? काही नाही. मोटर हवा ओढायला लागते तेव्हाच कळतं, आणि मग टँकर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जागा घेताय, जरूर घ्या. पण सातबाऱ्यावर किंवा जागेवर विहीर असेल तर ती लेआऊटमध्ये आधी मांडा, पार्किंग नंतर. जुनं कोरीव काम विकत घेताय, घ्या. पण कुठल्या गावचं, कोणाच्या घरचं, कधी उतरवलं हे विचारा, बिलावर लिहून घ्या आणि पट्टीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका, नवीन करून घ्या. कोरीव काम करणारे सुतार अजून आहेत, त्यांना काम मिळेल. आणि स्वतःचा वाडा पाडायची वेळ आली असेल तर पाडा, तुमच्या अडचणी तुम्हाला ठाऊक. फक्त आधी एक रविवार काढून प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मापं घ्या आणि एक वस्तू ठेवून घ्या. फ्लॅटमध्ये कुठे लावायची ते नंतर ठरवता येतं.

हे सगळं मी मित्राला सांगितलं का? सांगितलं. जरा घाबरत घाबरतच, कारण वास्तुशांतीचं जेवण जेवून आल्यावर असं बोलणं बरं दिसत नाही. तो आधी वैतागला. "तुला प्रत्येक गोष्टीत बग दिसतो" म्हणाला. मग दोन दिवस गप्प. परवा रात्री त्याचा मेसेज आला. त्याने गणेशपट्टी उतरवून घेतली होती, घराच्या दारावर लावायला. काढताना मागच्या बाजूला सुताराने खोदलेली खूण दिसली, त्याचा फोटो पाठवला होता. मोडीसारखं एक अक्षर आणि तीन रेघा. जोडकामात कुठला तुकडा कुठे बसतो ते कळायला करतात तशी.

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. आमच्या पट्टीच्या मागे काय होतं ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

पार्किंगखालच्या विहिरीचं काय, असं मी विचारलं. मुरूम काढायला किती खर्च येईल ते विचारतोय म्हणाला. बघू. आजोबांना तिची जागा नेमकी माहीत आहे, पण ते सत्तरीच्या पुढचे आहेत.